तेराशेचे बाराशे

डॉक्टर पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये आले, तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला एक गुळगुळीत कागद काढला आणि तो उघडण्याआधी मागे वळून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. बाहेर आमची अर्धी रंगवलेली ट्रॅक्टरची ट्रॉली तेवढी उभी होती. तरी त्यांनी बघितलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी ड्राफ्ट्समन म्हणून कामाला होते. आयटीआयला हा ट्रेड घेणाऱ्या मुली आमच्या वर्गात आम्ही दोघीच होतो, आणि दुसरीचं शिक्षण संपायच्या आत लग्न झालं. मी रोज अमळनेरहून सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची. शेडचे मालक पहूरकडचे, केळी-कापसाच्या घरातले. शेती धाकट्या भावावर सोपवून त्यांनी वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि त्यातून हा धंदा उभा केला. त्यांना सगळे भाऊ म्हणत. आम्ही ट्रॉल्या करायचो, शटर, लोखंडी गेट, केळीच्या बागेत खत वाहायच्या हातगाड्या.

तिसरे नाना, आमचे फिटर. पारोळ्याजवळच्या खेड्यातले, पन्नाशीचे. मला ताई म्हणायचे, डब्यातली मिरचीची भाजी आठवणीने द्यायचे, पण माझ्या ड्रॉइंगवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. मी कागदावर लिहिलेलं माप ते टेपने स्वतः एकदा घेऊन बघत, आणि मग खडूने लोखंडावर आपल्या हाताने लिहीत. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. पण रोज ते बघायची आणि रोज ते मला लागायचं.

तर डॉक्टरांनी कागद टेबलावर पसरला. परदेशी मासिकातलं पान होतं. एक बाई एका यंत्रावर उभी होती. सायकलसारखं बसायला सीट नाही, पायाखाली फिरणारा पट्टा नाही. दोन लांब दांड्यांवर दोन पाऊलफळ्या, त्यांवर तिचे पाय, आणि हातात दोन मुठी. बाकी सगळी यंत्रणा प्लास्टिकच्या झाकणाखाली दडवलेली. पानाच्या खालची दोन बोटं रुंदीची पट्टी कात्रीने कापून काढली होती.

"असं एक करून द्यायचं," डॉक्टर म्हणाले. "एकच. पाय उचलून आपटायचा नाही. फळीवर पाय ठेवायचा आणि चालायचं. फळीच पायाला घेऊन फिरते. अशी." त्यांनी हवेत बोटाने आडवं अंडं काढलं.

"खाली काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"काही नाही. जाहिरात."

"मग कापलं कशाला?"

भाऊंनी माझ्याकडे डोळे वटारले. डॉक्टर म्हणाले, "फाटलं होतं."

फाटलेला कागद एवढा सरळ फाटत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. दिवसभर मी पट्टीने रेघा मारत असे.

त्यांचा धुळ्याला दवाखाना होता. यंत्र कुणासाठी, तर "पेशंटसाठी", एवढंच. त्यांच्या अटी दोन. ह्याबद्दल बाहेर कुणाला सांगायचं नाही. आणि गुरुवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा ते दर गुरुवारी येणार, काम बघणार आणि त्या आठवड्यात जे ड्रॉइंग झालं असेल त्याची एक प्रिंट घेऊन जाणार.

ते गेल्यावर भाऊ म्हणाले, "ताई, तू पोलिसात जायला पायजे होतं."

"भाऊ, एक मशीन करायला दर गुरुवारी कागद कशाला लागतो? हे आपल्याकडून नमुना करून घेणार आणि शंभर दुसरीकडे करून विकणार. ते खालचं नावही म्हणूनच कापलं."

"करू दे. आपल्याला काय करनं?" भाऊ म्हणाले. पण मग ते बराच वेळ हनुवटी खाजवत बसले, आणि संध्याकाळी निघताना त्यांनी मला विचारलं, "शंभर, म्हनतेस?"

आठ दिवस मला त्या झाकणाखाली काय आहे ते सुचलं नाही. सायकलीच्या पॅडलला पाय गोल फिरतो. गोल नको होतं. मी दोन दातेचाकांवरून साखळी नेऊन बघितली, तर पाय दोन्ही टोकांना झटका खाऊन वळत होता. शेवटी एका रविवारी अमळनेरला घरी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची एक गोल चकती कापली आणि एक लांब पट्टी. पट्टीचं एक टोक टाचणीने चकतीच्या कडेला अडकवलं. दुसरं टोक दोन काडेपेट्यांच्या फटीत ठेवलं, म्हणजे ते फक्त पुढे-मागे सरकेल. मधे एक भोक पाडून त्यात पेन्सिल धरली आणि चकती फिरवली. चकतीकडचं टोक गोल फिरत होतं, काडेपेट्यांमधलं टोक सरळ जात-येत होतं, आणि मधल्या पेन्सिलीने कागदावर आडवं अंडं काढलं.

मी भोकं पाडतच सुटले. भोक चकतीजवळ घेतलं की अंडं फुगायचं. सरकत्या टोकाकडे नेलं की चपटं व्हायचं. लांबी मात्र तीच राहायची. एकाच पट्टीवर हवी तितकी पावलं होती. वडिलांनी दोनदा जेवायला हाक मारली, मग ते स्वतः येऊन उभे राहिले आणि बघत बसले.

सोमवारी तो पुठ्ठा मी नानांपुढे ठेवला. त्यांनी चकती दहा-बारा वेळा फिरवली. मग म्हणाले, "ताई, कागदवर बठ्ठं बरं दिखस. लोखंडले वजन ऱ्हास."

"म्हणजे काय, नाना?"

त्यांनी चकती फिरवून थांबवली. पट्टी अडकवलेली टाचणी सगळ्यात वर होती. "एक पाय वर, दुसरा खाले. तठे मानूस कितला बी दाबो, चाक फिराव नही. मंग कोन ढकली?"

मी बघितलं. खरंच होतं. त्या जागी माणसाचं सगळं वजन नुसतं खाली दाबत होतं, कुठेच ढकलत नव्हतं. यंत्र तिथे अडलं असतं, नाहीतर उलटं फिरलं असतं. मला हे सुचलं नव्हतं, आणि नानांना एका मिनिटात दिसलं होतं. उपायही त्यांनीच काढला. शेडच्या मागे एक मोडकं कडबाकुट्टीचं यंत्र गवतात पडलं होतं. त्याचं बिडाचं जड चाक नानांनी काढलं, घासलं, पाती उतरवली. एकदा फिरायला लागलं की ते चाक आपल्या भाराने पाय त्या अडणाऱ्या जागेतून पुढे नेणार होतं. नानांचा त्या चाकावर पूर्ण विश्वास होता.

काम सुरू झालं. चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंना आठ-आठ इंचांचे हात, एकमेकांच्या उलट दिशेला. प्रत्येक हाताला एक लांब दांडा. दांड्याच्या पुढच्या टोकाला बेअरिंगचं छोटं चाक, ते रुळावर धावणार. दांड्यावर मध्यभागी पाऊलफळी. म्हणजे पाऊल सोळा इंच पुढे-मागे जाणार आणि आठ इंच वर-खाली.

दुसऱ्या गुरुवारी डॉक्टरांनी प्रिंट बघितली आणि म्हणाले, "वर-खाली इतकं नको. चार इंच पुरे. गुडघा इतका वाकायला नको." मी फळी रुळाकडे सरकवून दिली, एका भोकाचा प्रश्न होता. पण त्यांनी चार इंच इतक्या ठामपणे सांगितलं, की मला वाटलं, ह्यांनी हे कुठेतरी आधी करून बघितलंय. मग ते म्हणाले, खोलीचा दरवाजा अरुंद आहे आणि बोळ काटकोनात वळतो, अख्खं यंत्र आत जाणार नाही. म्हणून आम्ही त्याचे दोन वेगळे स्टँड केले. मागच्यावर चाक, पुढच्यावर रूळ. दोन्ही फरशीला बोल्टने आवळायचे, मधे जोडायला काही नाही, जमीनच काय ती. त्यामुळे त्या दोन स्टँडमधलं अंतर नेमकं हवं. ते मी काढलं तेराशे मिलिमीटर. बसवायला गेल्यावर आम्हीच फरशीला भोकं पाडू, असं भाऊंचं म्हणणं होतं. डॉक्टर त्यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

शेवटून दुसऱ्या गुरुवारी मी स्टेशनवरून रिक्षाने येत होते. आमच्या शेडच्या दोन गल्ल्या आधी एक मोठा कारखाना होता. त्याच्या फाटकात एक जीप उभी होती, जीपच्या बॉनेटवर निळ्या रेघांचा कागद पसरला होता आणि त्यावर कारखान्याचा एक माणूस पेन्सिल घेऊन वाकला होता. शेजारी डॉक्टर. तो कागद माझा होता. रिक्षातूनही मला माझा कागद ओळखू आला.

तासाभराने डॉक्टर आमच्याकडे आले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "एसटी उशिरा आली."

मी मान हलवली. भाऊंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आपल्याला काय करनं. डॉक्टर नानांशी बोलत होते तेवढ्यात मी आत गेले. त्यांना न्यायला अंतिम प्रिंट काढायची होती. मी ट्रेसिंगच्या पारदर्शक मूळ कागदावरच्या तेराशेतला तीनचा आकडा ब्लेडने हळूच खरवडला, नखाने ती जागा गुळगुळीत केली आणि तिथे दोन लिहिला. अमोनियाच्या वासात प्रिंट काढली, गुंडाळी करून डॉक्टरांच्या हातात दिली. ते गेल्यावर दोनचा पुन्हा तीन केला आणि शेडसाठी वेगळी प्रिंट काढली.

बाराशेच्या मापाने कुणी यंत्र बसवलं, तर पुढचं छोटं चाक रुळाच्या टोकाला जाऊन आदळणार होतं. आदळू दे. शंभर यंत्रं कर आणि शंभर आदळू दे. संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी बसून मी एकटीच हसले, हे मला आठवतं. पुढचे पंधरा दिवस मी फार खुशीत होते.

यंत्र तयार झालं. आम्ही शेडमध्ये ते फळ्यांवर तात्पुरतं उभं करून फिरवून बघितलं, छान चाललं. मग टेम्पोत घालून धुळ्याला निघालो. भाऊ आणि मी ड्रायव्हरशेजारी, नाना मागे चाकाजवळ. मी यायची खरं तर गरज नव्हती. भाऊच म्हणाले, "डॉक्टर मानूस से, काही विचारलं तर ड्रॉइंगवाली पायजे."

दवाखान्याच्या मागेच डॉक्टरांचं घर होतं. बोळ खरंच काटकोनात वळत होता आणि दरवाजा खरंच अरुंद होता. आतल्या खोलीत खिडकीजवळ खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. पंचेचाळीसच्या असतील. खुर्चीच्या पाठीला काठी टेकवलेली.

"ही माझी पत्नी," डॉक्टर म्हणाले.

त्यांनीच मग थोडक्यात सांगितलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या. दीड वर्षापूर्वी एसटीतून उतरताना पडल्या. उजव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघ्यालाही मार लागला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय जमिनीवर टेकला की कळ मस्तकात जायची. मग त्या चालेनाशा झाल्या, आणि न चालल्यामुळे पाय बारीक होत गेला. शाळा सुटली. डॉक्टरांच्या पुतण्याने परदेशातून ते मासिक आणलं होतं.

मी ऐकत होते, पण माझं लक्ष खाली गेलं होतं. खोलीच्या मधोमध नवी काँक्रीटची बैठक ओतलेली होती. तिच्यातून आठ बोल्ट वर आले होते. मागे चार, पुढे चार. आट्यांना ग्रीस लावून वर चिंध्या बांधल्या होत्या.

"फरशीखाली भराव आहे," डॉक्टर भाऊंना सांगत होते. "भोकं पाडून बोल्ट धरले नसते. म्हणून मी आधीच गवंड्याकडून करून घेतलं. चांगलं पाणी मारलंय. तुमच्या प्रिंटवरून."

मला टेप लावायची गरज नव्हती. वाटलं, आत्ताच सांगावं. पण भाऊ आणि नाना मागचा स्टँड उचलत होते, तो बोल्टवर बरोबर बसला, भाऊ "वा!" म्हणाले, आणि मी गप्प राहिले. पुढचा स्टँडही आपल्या चार बोल्टवर बरोबर बसला. दांडे जोडले. नानांनी चाकाला हात घालून एक फेरा दिला. खण्णकन आवाज झाला आणि चाक थांबलं. पुढचं छोटं चाक रुळाच्या अडसरावर आदळलं होतं.

नानांनी टेप काढला. "बाराशे," ते म्हणाले.

डॉक्टर ताडताड बाहेर गेले आणि गवंड्याला घेऊन आले. तो मागच्या अंगणात एक भिंत बांधत होता. म्हातारा माणूस, हात कोपरापर्यंत सिमेंटने माखलेले. डॉक्टरांनी त्याला दारातच धरलं. "चार इंचाची चूक! टेप वाचता येतो का तुम्हाला? एवढं एकच काम नीट सांगितलं होतं."

"साहेब, कागदमा जे व्हतं तेच मी करं," तो म्हणाला. "मनी काय चूक?"

"मग कागदात चूक आहे? ते शिकलेले लोक आहेत."

मी अजूनही बोलले नाही. हे लिहिताना मला सगळ्यात वाईट तेच वाटतं. आकडा मी रागाने बदलला होता, त्याचं एक वेळ समजू शकते. पण तो म्हातारा दारात उभा राहून बोलणी खात होता आणि मी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघत होते.

गवंडी अंगणात गेला आणि कोनाड्यातला कागद घेऊन आला. सिमेंटचे डाग पडलेली, कडा दुमडलेली माझी प्रिंट. त्यावर स्पष्ट बाराशे. नानांनी आपल्या पिशवीतली शेडची प्रिंट काढून शेजारी ठेवली. तेराशे.

"दोन्ही कागद तुनाच हातना शेतस, ताई," नाना हळू म्हणाले.

भाऊंनी मधेच सावरून घेतलं. "चूक झाली असन लिहायला. लेकरू से. होतं असं."

सगळ्यांना ते पटलं. डॉक्टरांनीही सुस्कारा सोडला. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या, "ते दोन्ही कागद इकडे द्या."

त्यांनी ते मांडीवर एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघेवर रेघ जुळत होती. मग त्यांनी मला विचारलं, "प्रिंट कशावरून निघते?"

"ट्रेसिंगवरून."

"दोन्ही एकाच ट्रेसिंगवरून?"

"हो."

"मग एकावर दोन आणि एकावर तीन कसा येईल? लिहिण्यात चूक असती तर दोन्हींवर सारखी आली असती."

मी म्हणाले, "मी मुद्दाम बदलला, बाई. साहेबांच्या प्रिंटपुरता."

"का?" हे डॉक्टरांनी विचारलं.

मग माझ्या तोंडून सगळं एकदम आलं. कापलेली पट्टी, दर गुरुवारची प्रिंट, तो दुसरा कारखाना. "तुम्ही जीपवर माझा कागद पसरून त्यांना दाखवत होतात. मी बघितलं. आणि आम्हाला सांगितलंत, एसटी उशिरा आली."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "खरं?"

डॉक्टर म्हणाले, "हो. यंत्राचा हा हात तुटेल का, ते विचारायला गेलो होतो. ही त्याच्यावर उभी राहणार. तुमच्यावर कसा विश्वास ठेवू? तुम्ही ट्रॉल्या करता." आणि माझ्याकडे न बघता, "पानाखाली किंमत होती. डॉलरमध्ये. ती बघून तुम्ही आकडा वाढवाल, म्हणून कापली."

"वाढवला असता," भाऊ म्हणाले. ते असं कसं बोलून गेले ते त्यांनाही कळलं नसावं. त्यांचे कान लाल झाले.

बाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि मला सांगितलं होतंत, पेशंटांसाठी मशीन येतंय. बोल्ट माझ्या खोलीत ओतले त्याच दिवशी मला कळलं. पण तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत होते."

"नाही जमलं तर तुला उगीच आशा लागली असती," डॉक्टर म्हणाले.

गवंडी पहार घेऊन आला होता, बैठक फोडायला तयार. नाना म्हणाले, "फोडू नको, आबा." त्यांनी खाली बसून बराच वेळ बोल्टकडे बघितलं. मग जवळच्या वेल्डिंगच्या दुकानातून पन्हळीसारख्या लोखंडी चॅनेलचे दोन तुकडे आणले. ते तुकडे पुढच्या चार बोल्टवर आवळायचे आणि स्टँड त्यांच्यावर चार इंच पुढे सरकवून बसवायचा. त्याने रूळ चॅनेलच्या उंचीएवढा वर गेला असता, म्हणून स्टँडचे पाय तेवढेच कापायचे. हे सगळं त्यांनी स्वतःच मोजलं. मी टेपचं दुसरं टोक धरायला पुढे झाले, तर त्यांनी ते गवंड्याच्या हातात दिलं.

दोन-अडीच तास लागले. मधल्या वेळात मी अंगणात जाऊन त्या म्हाताऱ्याची माफी मागितली. तो हात धुत होता. म्हणाला, "ताई, तुमना कागद देखीसन मी डोया झाकी काम करं." एवढंच. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आमच्या शेडमध्ये माझ्या कागदावर असा डोळे मिटून भरवसा कुणीच ठेवला नव्हता. तो ठेवणारा भेटला, तेव्हा त्याच्या हातात मी खोटा आकडा दिला होता.

यंत्र बसलं. डॉक्टर बाईंच्या डाव्या बाजूला उभे राहिले. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही इकडे या." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या फळीवर चढल्या. हाताची पकड अशी, की संध्याकाळपर्यंत खांदा दुखत होता. त्यांनी पाय दाबला. फळी उलटी गेली. डॉक्टरांनी चटकन त्यांना धरलं.

"पुढे फिरवा कुणीतरी," बाई म्हणाल्या.

नानांनी मागून त्या कडबाकुट्टीच्या चाकाला एक ढकल दिली. चाक फिरलं. उजवा पाय वर आला, पुढे गेला, खाली गेला. कुठेही आपटला नाही. डॉक्टर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्या आपल्या पावलाकडे बघत होत्या. पाच-सहा फेऱ्यांनी त्या म्हणाल्या, "हे लंबवर्तुळ नाही."

"जवळपास आहे," मी म्हणाले. "एका बाजूला थोडं जास्त फुगतं."

"दांडा अजून लांब घेतला तर?"

"तर आणखी जवळ जाईल. पण पूर्ण होणार नाही."

"नाही होणार," त्या म्हणाल्या, आणि फिरत राहिल्या. डॉक्टरांनी तीनदा पुरे म्हटलं. चौथ्यांदा त्या थांबल्या.

परत येताना पारोळा मागे पडला. मग भाऊ समोर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "कामावरून काढनार नाही. पन दुसऱ्याचा कागद खोटा करतं ते मानूस आपला बी करू शकतं." दुसऱ्या दिवसापासून सगळ्या ट्रेसिंग त्यांच्या कपाटात कुलपात गेल्या. सकाळी मागून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून परत द्यायच्या. नाना आधी माझी मापं एकदा तपासत, आता दोनदा तपासू लागले. डब्यातली भाजी मात्र देत राहिले. त्यांनी त्या दिवसाबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि ते विचारत नाहीत म्हणजे त्यांच्या मनात काय असेल, ह्याचा मी रोज अंदाज बांधत बसायची. नवीन गिऱ्हाईक आलं आणि भाऊ त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, की मला वाटायचं, माझ्याबद्दलच सांगतायत. बहुतेक वेळा ते फक्त भाव करत असत.

पुढच्या वर्षी धुळ्याहून निरोप आला, की पुढची बेअरिंगं वाजतायत. नानांना ताप होता. भाऊ जरा घुटमळले आणि मग म्हणाले, "तूच जाऊन ये." पिशवीत चार बेअरिंगं आणि नट खोलायचे पाने घेऊन मी एसटीने गेले.

दार बाईंनीच उघडलं. हात भिंतीला होता, काठी नव्हती. त्यांनी घरीच दहावीच्या मुलामुलींच्या शिकवण्या सुरू केल्या होत्या. ओसरीवर चपलांचा ढीग पडलेला होता. "आत जा, तुम्हाला माहीतच आहे," असं म्हणून त्या मुलांकडे गेल्या.

मी फरशीवर बसून दांडे उतरवले आणि जुनी बेअरिंगं काढायला लागले. थोड्या वेळाने डॉक्टर आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर वर्तमानपत्र उघडून बसले. दवाखान्याची वेळ होती. भिंतीपलीकडे पेशंटांच्या खोकण्याचा आवाज येत होता. कंपाउंडर दोनदा दारात येऊन गेला. डॉक्टर "येतो" म्हणाले आणि उठले नाहीत. तासभर मी काम करत होते आणि त्या तासात त्यांनी वर्तमानपत्राचं पान एकदाही उलटलं नाही.

शेवटचा नट आवळून मी बाजूला झाले. डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी केली, चपला काढल्या आणि ते स्वतः फळ्यांवर चढले. चांगले वजनदार गृहस्थ होते. सगळा भार टाकून त्यांनी वीस-पंचवीस फेऱ्या मारल्या, मधेच मुद्दाम जोरात दाबून बघितलं, थांबून कान दिला. मग खाली उतरले, चपला घातल्या आणि ओसरीकडे तोंड करून बायकोला हाक मारली.